अडीच टनी मालमोटार

युद्ध संपले म्हणजे सैनिक घरी परततात. परंतु युद्धासाठी घडविलेली अवजारे कोठे जातात, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने एकाच नमुन्याच्या साडेपाच लाखांहून अधिक मालमोटारी सैन्यासाठी बांधल्या. तोफगोळे, पेट्रोल, पीठ, औषधे, जखमी माणसे, जे जे म्हणून युद्धभूमीवर न्यावयाचे किंवा तेथून आणावयाचे असे, ते ते या मोटारींनी वाहिले. १९४५ मध्ये तोफा थांबल्या आणि या मोटारी एकाएकी नकोशा झाल्या. काही फ्रान्स, नॉर्वे अशा देशांच्या सैन्यांनी ठेवून घेतल्या. पॅसिफिक महासागरातील एका बेटाच्या किनाऱ्यावर तर मोटारी, यंत्रे व इतर सामान यांचे ढीगच्या ढीग समुद्रात लोटून देण्यात आले. उरलेल्या मिळेल त्या किमतीला विकल्या गेल्या. आपल्या देशातही युद्धानंतर सरकारने असा माल विक्रीस काढला होता, आणि "डिस्पोजलचा माल" हे शब्द त्या काळी लोकांच्या तोंडी बसले होते.

अशाच एका मोटारीची ही हकीकत आहे.

१९९३ साली मी नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम भागात, डोंगरउतारावर वसलेल्या एका लहान गावी राहत होतो. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांनी आपले सारे आयुष्य शाळेत गणित शिकविण्यात घालविले होते. म्हणून मी मनातल्या मनात त्यांना 'मास्तर' म्हणत असे. मास्तरांच्या घरामागे एक मोठी लाकडी पडवी होती. संध्याकाळी तेथे दिवा लागे आणि रात्री उशिरापर्यंत घण, कानस व पाना यांचे आवाज येत राहत. एके दिवशी मी कुतूहलाने आत डोकावलो. आत एक हिरवी, धिप्पाड, दहा टायरांची मालमोटार उभी होती, आणि तिच्या पोटाखालून मास्तरांचे फक्त बूट बाहेर दिसत होते.

"आत ये," बुटांच्या बाजूने आवाज आला. "आणि तो लाल दांड्याचा पाना दे."

मी पाना दिला, आणि त्या दिवसापासून दर शनिवारी त्यांच्या हाताखालचा उमेदवार झालो.

ही मोटार मास्तरांनी १९८९ मध्ये एका लाकूड कापणाऱ्या गिरणीच्या आवारातून विकत घेतली होती. सैन्यातून सुटल्यावर तिने वीस-पंचवीस वर्षे डोंगरातून ओंडके ओढले, आणि पुढे एका सफरचंदाच्या झाडाखाली ती गंजत पडली. तिच्या इंजिनात उंदरांनी घरटे केले होते. बसण्याच्या जागी रोपटी उगवली होती. मास्तरांना तोवर सायकलच्या साखळीपलीकडे यंत्राची ओळख नव्हती. "मला ती का घ्यावीशी वाटली, ते मलाच ठाऊक नाही," ते म्हणत. त्यांच्या पत्नीला मात्र ते ठाऊक असावे; कारण हा विषय निघाला की त्या नुसत्या हसत.

आता या मोटारीची थोडी ओळख करून घेऊ. सैनिक तिला 'ड्यूस अँड अ हाफ', म्हणजे अडीच टनी, या नावाने ओळखत. कारण रस्ता नसलेल्या भूमीवरून अडीच टन ओझे वाहून नेण्याच्या हिशेबाने ती बांधलेली होती. चांगल्या रस्त्यावर तिच्यावर याच्या दुप्पट माल लादला जाई. तिला तीन आस आहेत आणि इंजिनाची शक्ती तिन्ही आसांना पोचते. त्यामुळे मागची चाके चिखलात रुतली तरी पुढची चाके तिला ओढून बाहेर काढतात. इंजिन सहा सिलिंडरांचे, पेट्रोलवर चालणारे व सुमारे नव्वद अश्वशक्तीचे असते. आजच्या मालमोटारींपुढे ही शक्ती अगदीच थोडी. पण गिअर इतके बेताने बसविलेले असतात की ती सावकाश का होईना, चढ चढतेच. पुढे पोलाद वाचविण्यासाठी चालकाच्या खोलीचे छप्पर कॅनव्हासचे, आणि मागचा हौदा पुष्कळदा लाकडाचा करण्यात आला. थोडक्यात, ही मोटार युद्धापुरती टिकावी, आणि ती घाईघाईत तयार झालेल्या कोणत्याही सैनिकाला हाकता व दुरुस्त करता यावी, या हेतूने घडविलेली होती. ती पन्नास वर्षे टिकावी असे तिच्या कर्त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

हौशी मालकाची खरी अडचण येथेच सुरू होते. आणि त्याचा आधारही येथेच असतो. मास्तरांच्या पडवीत एका फळीवर कापडात गुंडाळलेले एक पुस्तक असे. अमेरिकन सैन्याने या मोटारीसाठी छापलेली ती माहितीपुस्तिका होती. तिचा क्रमांक टी. एम. ९-८०१. सैन्याने दुरुस्तीच्या पाच पायऱ्या ठरविल्या होत्या. शेवटची पायरी मोठ्या कारखान्याची. पण पहिली पायरी खुद्द चालकाची. मोटार सुरू करण्यापूर्वी काय पाहावयाचे, चालत असताना काय ऐकावयाचे, वाटेत थांबल्यावर कशाला हात लावून पाहावयाचा, आणि दिवसाअखेर काय पुसावयाचे व कशात वंगण घालावयाचे, हे सारे त्यात क्रमाने दिले होते. ज्या ज्या ठिकाणी ग्रीस भरावयाचे, तेथे तेथे मोटारीवर तांबड्या रंगाचे लहान वर्तुळ काढण्याची पद्धत होती. नवशिक्या सैनिकाने पुस्तक हरवले, तरी तांबडी वर्तुळे शोधीत तो आपले काम करू शके. इतकेच काय, वंगणाकडे दुर्लक्ष करू नये हे तरुण सैनिकांच्या गळी उतरविण्यासाठी सैन्याने चित्रकथांचाही उपयोग केला. विल आयस्नर या प्रसिद्ध चित्रकाराने 'जो डोप' नावाचा एक वेंधळा शिपाई निर्माण केला. हा शिपाई प्रत्येक यंत्राची नासाडी करी, आणि ती पाहून हसता हसता वाचक शहाणा होई.

मी इंजिनिअर असल्याचा मला थोडा अभिमान होता. तो पहिल्याच महिन्यात उतरला. डाव्या बाजूचे चाक काढण्यास मास्तरांनी मला सांगितले. मी लांब दांडा लावून नट सैल करू लागलो. परंतु जितका जोर लावावा तितका तो अधिकच घट्ट होई. घामाने निथळल्यावर मी शरण गेलो. मास्तरांनी शांतपणे बोल्टाच्या टोकावर कोरलेले एक अक्षर दाखविले. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून या मोटारीच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. ते नेहमीच्या उलट दिशेने फिरवावे लागतात. "वर्गातल्या मुलांचेही असेच असते," मास्तर म्हणाले. "काहींना उलटीकडून समजते. आपण जोर करून उपयोग नाही."

चाकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट त्यांनी मला पहिल्या दिवशीच बजावून सांगितली होती. या मोटारीचा टायर रिमवर एका पोलादी कड्याने अडकवून धरलेला असतो. आपल्याकडील जुन्या मालमोटारींच्या चाकांनाही अशी रिंग असे. हे कडे गंजलेले असेल किंवा खाचेत नीट बसलेले नसेल, तर हवा भरताना ते उसळून बाहेर येते, आणि समोरच्या माणसाचा प्राण घेऊ शकते. म्हणून चाक खोलण्यापूर्वी त्यातील सारी हवा सोडावयाची, आणि पुन्हा भरताना चाक जाड सळ्यांच्या पिंजऱ्यात ठेवून आपण लांब, एका बाजूला उभे राहावयाचे, हा त्यांचा नियम होता. हा नियम त्यांनी कधी मोडल्याचे मी पाहिले नाही. उशीर झाला असो, पाऊस असो, पिंजरा ओढून आणल्याशिवाय हवेची नळी जोडली जात नसे.

सुटे भाग मिळविणे हे काम मात्र आनंदाचे होते. युद्धकाळात तयार होऊन न वापरलेले भाग तेव्हाही कोठेकोठे मिळत. मेणकागदात गुंडाळलेली, घट्ट पिवळसर वंगणात बुडविलेली ती पुडकी उघडताना मास्तरांचा चेहरा दिवाळीतील मुलासारखा दिसे. पन्नास वर्षांपूर्वी कोणा कामगाराने बांधलेली गाठ ते कात्रीने कापीत नसत, नखांनी सोडवीत.

अशा रीतीने १९९४ चा उन्हाळा आला. चार जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी गावात मिरवणूक निघे. महायुद्धाला पन्नास वर्षे होत आल्यामुळे, गावातील युद्धात लढलेल्या वृद्धांना मास्तरांच्या मोटारीत बसवून मिरवणुकीच्या अग्रभागी न्यावे, असे समितीने ठरविले. वीस जणांची नावे निघाली. त्यांत एक कृष्णवर्णी वृद्ध होते. त्यांनी युद्धात हीच मोटार हाकली होती.

त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात कृष्णवर्णी सैनिकांच्या पलटणी निराळ्या असत, आणि रस्ते बांधणे, माल वाहणे अशी कामे बहुधा त्यांच्या वाट्याला येत. ही पद्धत बंद करण्याचा हुकूम १९४८ मध्ये निघाला. १९४४ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये पुढे सरकणाऱ्या फौजांना रात्रंदिवस सामान पोचविणाऱ्या मोटारींचे बहुसंख्य चालक कृष्णवर्णीच होते. आमचे हे वृद्ध मात्र फ्रान्समध्ये नव्हते. मी भारतातून आलो आहे असे कळताच ते माझ्याकडे टक लावून पाहू लागले आणि म्हणाले, "लेडो माहीत आहे?"

आसामातील लेडो हे गाव मी नकाशात पाहिले होते. पण त्यांनी ते चिखलात पाहिले होते. जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर चीनला सामान पोचविण्याची भूमार्गाची वाट बंद झाली. तेव्हा लेडोपासून डोंगर व अरण्ये फोडून एक नवा रस्ता काढण्यात आला, आणि तो ब्रह्मदेशातून चीनकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यास जोडण्यात आला. तो बांधणाऱ्या अमेरिकन सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णी होते, आणि त्यांच्याबरोबर हजारो भारतीय मजूरही राबत होते. १२ जानेवारी १९४५ रोजी मोटारींचा पहिला तांडा लेडोहून निघाला, आणि ४ फेब्रुवारी रोजी चीनमधील कुनमिंग येथे पोचला. हे अंतर सुमारे १,०८० मैलांचे होते. या रस्त्यावर पांगसाऊ खिंडीच्या चढ-उतारांवरून त्यांनी महिनोन् महिने मोटार हाकली होती. गावच्या मिरवणुकीत मानाने बसण्याचा मात्र हा त्यांचा पहिलाच प्रसंग होता. त्यांच्या मुलीने त्यांच्यासाठी नवा कोट शिवून घेतल्याचे आम्हांला कळले होते.

एक जुलै, शुक्रवार. संध्याकाळी मास्तर आणि मी मोटार पुशीत होतो. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला मला ओलसर डाग दिसला, तळहाताएवढा. मला वाटले, धुताना पाणी उडाले असेल. मास्तरांनी बोट लावून वास घेतला आणि ते खाली बसले. ते पाणी नव्हते. ब्रेकचे तेल होते.

या डागाचे महत्त्व कळण्यास ब्रेक कसा चालतो हे माहीत हवे. चालक पायाने पट्टी दाबतो, तेव्हा एका मुख्य नळकांड्यातील तेलावर दाब पडतो. बंद द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही विज्ञानात शिकाल. त्या नियमाने तो दाब नळ्यांतून सहाही चाकांजवळच्या लहान सिलिंडरांत पोचतो; तेथील दट्टे बाहेर सरकतात, आणि ब्रेकचे लायनर फिरत्या ड्रमवर दाबले जातात. नव्या मोटारींत अशा तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा काम देतो. या जुन्या मोटारीत मार्ग एकच. सहांपैकी एका चाकाजवळ तेल गळू लागले, की केव्हा तरी पट्टी पायाखाली जमिनीपर्यंत जाते, आणि एकही चाक थांबत नाही. हातब्रेक आहे, पण तो उभी मोटार धरून ठेवण्यास पुरतो, उतारावरून धावणारी थांबविण्यास त्याचा भरवसा नाही.

रात्री आम्ही ते चाक उतरविले. सिलिंडर उघडून मास्तरांनी दिव्यापुढे धरले. आतला पृष्ठभाग आरशासारखा असावयास हवा. त्यावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडले होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. त्या ओलाव्याने बिडाला गंज चढतो, आणि रबरी टोपी त्या खड्ड्यांवर घासून झिजते. हे सिलिंडर मास्तरांनी तीन वर्षांपूर्वीच दुरुस्त केले होते, असे मला वाटत होते. मी तसे म्हटले.

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहांपैकी चारांना मी पितळी अस्तर बसवून घेतले. दोघांचे खड्डे लहान होते. पैसे वाचावेत म्हणून ते दोन मी नुसते घासून गुळगुळीत केले. त्यांतला हा एक."

"आणि दुसरा?"

"डाव्या बाजूला. अजून गळत नाही. अजून."

शनिवारी समितीचे चिटणीस आले. मिरवणूक अवघी एक मैल, चाल बैलगाडीची, खालच्या गिअरमध्ये मोटार आपोआपच सावकाश उतरेल, असे त्यांचे म्हणणे होते. आणि त्यात तथ्यही होते. मास्तरांनी खडू घेतला आणि पडवीच्या फळीवर आकडे मांडले. रिकामी मोटार सुमारे पाच टन. वीस माणसांचे दीड टन. मुख्य रस्त्याचा उतार. "गिअर मोटारीला सावकाश चालवील, हे खरे," ते म्हणाले. "पण मिरवणुकीत लोक मिठाया फेकतात, आणि त्या उचलायला मुले चाकांपुढे धावतात. गिअर मोटारीला थांबविणार नाही." नवे भाग सुट्टी संपल्यावर, मंगळवारी मागविता आले असते. मिरवणूक सोमवारी होती.

चिटणीस नाराज होऊन गेले. सर्वांत कठीण काम पुढे होते. मास्तर स्वतः लेडोच्या त्या वृद्ध चालकाच्या घरी गेले. बरोबर मीही होतो. मास्तरांनी काही लपविले नाही. चूक आपली आहे, ती पैशाच्या मोहाने झाली, आणि तिच्यामुळे तुमचा मान हुकला, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दाराआड उभ्या असलेल्या मुलीचा चेहरा उतरला. वृद्धांनी हात पुढे केला. मला वाटले, हस्तांदोलनासाठी. ते म्हणाले, "सिलिंडर आणले आहे का?"

मास्तरांनी खिशातून ते काढून दिले. वृद्धांनी चष्मा न लावता करंगळी आत घालून फिरविली, आणि मान हलविली. मग त्यांनी खिंडीच्या उतारावरील एका सकाळची गोष्ट सांगितली. त्यांच्या पुढे चाललेल्या मोटारीचे ब्रेकचे दिवे लागले, पण मोटार थांबली नाही. ती वळणावरून सरळ गेली. "दिवे लागले होते," ते पुन्हा म्हणाले. "त्याने पाय दाबला होता." तो चालक त्यांच्याच गावचा होता. यापलीकडे त्यांनी काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

चार जुलैला मोटार मिरवणुकीच्या प्रारंभी, सपाट जागेवर, चाकांखाली लाकडी पाचरी लावून उभी राहिली. वीस वृद्ध तिच्यात बसून मिरवणूक पाहत होते. काही लोकांनी थट्टा केली. वर्तमानपत्रातील छायाचित्रात पाचरी अगदी स्पष्ट दिसत होत्या.

पुढील दोन महिने आम्ही सहाही चाके उघडून पुन्हा बसविली. राहिलेल्या दोन सिलिंडरांना पितळी अस्तर बसले. रबरी नळ्या साऱ्या नव्या आल्या. जुने तेल काढून टाकले. डावीकडचे सिलिंडर उघडले, तेव्हा त्याची रबरी टोपीही अर्धी झिजलेली निघाली.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मास्तरांनी वृद्ध चालकाला बोलाविले. ते नवा कोट घालून आले. मास्तरांनी दार उघडून चालकाच्या बैठकीकडे हात केला. पण ते चढले नाहीत. त्यांनी कोट काढून मुलीच्या हातात दिला. मग मोटारीच्या पुढून त्यांनी सुरुवात केली. तेल पाहिले, पाणी पाहिले, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. प्रत्येक चाकापाशी ते एका गुडघ्यावर बसत, आत हात घालीत, आणि बोटे उजेडात धरून पाहत. गुडघा टेकण्यास व उठण्यास त्यांना फार वेळ लागे. मास्तर मदतीसाठी पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटले. सहाव्या चाकाजवळून उठून त्यांनी कोरडी बोटे विजारीला पुसली, आणि मग ते वर चढून बसले.